संरक्षित भूदृश्यांतील ग्रामनियोजन

संरक्षित भूदृश्यांतील ग्रामनियोजन : निसर्गसौंदर्य आणि ऐतिहासिक वैशिष्ट्ये यांसाठी कायद्याने जपलेल्या, परंतु माणसांची वस्ती व शेती चालू असलेल्या प्रदेशातील खेड्यांनी आपल्या गावाच्या वाढीचा आराखडा स्वतः तयार करण्याची पद्धती. नवी घरे कोठे व कशी बांधावीत, कोणत्या मोकळ्या जागा राखाव्यात, दुकान, शाळा, वाहतूक व रोजगार यांची सोय कशी व्हावी, हे विषय अशा आराखड्यात येतात. आराखडा गावाने करावयाचा असला, तरी त्यासाठी लागणारी माहिती, तांत्रिक सल्ला व पैसा बहुधा बाहेरून मिळवावा लागतो. म्हणून या साहाय्याचा विचारही प्रस्तुत विषयात अंतर्भूत आहे. ही पद्धती मुख्यत्वे इंग्लंडमध्ये विकसित झाली. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमातून एखादे भूदृश्य घडले, त्यांच्यावरच त्या भूदृश्याच्या रक्षणापायी गाव सोडण्याची वेळ येऊ नये, याकरिता निर्णयाचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न तिच्या इतिहासात सातत्याने आढळतो.

संकल्पना : ‘राष्ट्रीय उद्यान’ ही संज्ञा सर्व देशांत एकाच अर्थाने वापरली जात नाही. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोषित झालेल्या राष्ट्रीय उद्यानात मानवी वस्ती व गुरेचराई यांस सामान्यतः वाव नसतो. इंग्लंड व वेल्समधील राष्ट्रीय उद्यानांत मात्र गावे, बाजारपेठा, शेते, कुरणे व दगडखाणीही आहेत. तेथील बरीचशी जमीन खाजगी मालकीची असून उद्यानाची घोषणा झाल्याने मालकी बदलत नाही. बदलतात ती बांधकामावरील व जमिनीच्या वापरावरील नियंत्रणे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या वर्गीकरणात अशा प्रदेशांचा समावेश पाचव्या वर्गात, म्हणजे ‘संरक्षित भूदृश्य’ या वर्गात होतो. माणूस आणि निसर्ग यांच्या दीर्घकालीन परस्परक्रियेतून ज्या प्रदेशास वेगळे रूप आले आहे, तो या वर्गात मोडतो. या संकल्पनेस आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवून देणारी परिषद १९८७ मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागातच भरली होती. २०१७ मध्ये लेक डिस्ट्रिक्टचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तोही सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. तेथील डोंगरउतारांवरील दगडी गडगे, मेंढ्यांची चराऊ राने आणि घट्ट वसलेली खेडी ही मेंढपाळ शेतकऱ्यांची निर्मिती आहे. ती जोपासणारा समाज नाहीसा झाला, तर केवळ नियंत्रणांच्या बळावर ते रूप टिकणे कठीण, हे या संकल्पनेतच गृहीत आहे.

गावपातळीवरील संस्था : इंग्लंडमध्ये गावाचा कारभार शतकानुशतके चर्चच्या पॅरिश या घटकामार्फत चाले. १८९४ च्या स्थानिक शासन अधिनियमाने चर्चचे कार्य व नागरी कारभार यांची फारकत केली आणि ग्रामीण भागात निर्वाचित पॅरिश परिषदा व सर्व मतदारांच्या पॅरिश सभा स्थापन झाल्या. आपल्याकडील ग्रामपंचायत व ग्रामसभा यांच्याशी त्यांचे साम्य असले, तरी त्यांचे अधिकार तुटपुंजे होते. स्मशानभूमी, पाऊलवाटा, क्रीडांगण, दिवाबत्ती यांसारख्या बाबींपलीकडे त्यांची फारशी मजल जात नसे. पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या जोडीस स्वयंसेवी संस्था आल्या. १९२० मध्ये ऑक्सफर्डशर काउंटीत पहिली ग्रामीण समाज परिषद निघाली आणि पुढे अशा परिषदांचे जाळे इतर काउंट्यांत पसरले. ग्रामसभागृहे उभारणे, गावकऱ्यांना सल्ला देणे व गावांची गाऱ्हाणी वरपर्यंत पोहोचविणे ही त्यांची कामे होती. पुढील काळात गावांच्या आराखड्यांना जे साहाय्य मिळाले, त्याचा मोठा भाग याच परिषदांच्या क्षेत्रकार्यकर्त्यांमार्फत मिळाला.

संरक्षणाचा विचार : मोटारींचा प्रसार, रस्त्यांच्या कडेने वाढणारी घरांची रांग व उपनगरांचा फैलाव यांमुळे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंडमध्ये ग्रामीण सौंदर्याच्या ऱ्हासाबद्दल चिंता निर्माण झाली. नगररचनाकार पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये ग्रामीण इंग्लंडच्या जतनासाठी एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. ॲडिसन समितीने १९३१ मध्ये राष्ट्रीय उद्यानांची कल्पना तपासली. पण आर्थिक मंदीमुळे ती मागे पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्रामीण जमिनीच्या वापराविषयी न्यायमूर्ती स्कॉट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४२ मध्ये अहवाल सादर केला. शेतीची भरभराट झाली की भूदृश्य आपोआप टिकेल, म्हणून शेतजमिनीवर इतर उपयोगांचे अतिक्रमण होऊ देऊ नये, असे बहुमताचे प्रतिपादन होते.

या समितीचे एक सदस्य, अर्थशास्त्रज्ञ स. र. डेनिसन, यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. खेड्यांतील राहणीमान शहरांच्या तुलनेने निकृष्ट असताना तेथे उद्योग व इतर रोजगार येऊ न देणे हे ग्रामीण जनतेच्या हिताचे नाही. देखाव्याचे जतन राष्ट्राला हवे असेल, तर त्या कामाचा मोबदला शेतकऱ्यास उघडपणे द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. त्या वेळी ती बाजूस पडली. परंतु संरक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न पुढील प्रत्येक टप्प्यावर नव्याने उद्‌भवला.

वास्तुविद जॉन डाऊअर यांचा १९४५ चा अहवाल आणि आर्थर हॉबहाउस यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा १९४७ चा अहवाल यांनी राष्ट्रीय उद्यानांची रूपरेषा निश्चित केली. डाऊअर यांनी उद्यानाच्या व्याख्येतच प्रस्थापित शेतीव्यवसाय चालू राखण्याचा समावेश केला होता. हॉबहाउस समितीने १२ उद्यानांची शिफारस केली. राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रदेशप्रवेश अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला आणि १९५१ ते १९५७ या काळात १० उद्याने घोषित झाली. त्यांपैकी पीक डिस्ट्रिक्ट (१९५१) हे पहिले होय. याच अधिनियमाखाली ‘विशेष निसर्गसौंदर्याचे प्रदेश’ असा दुसरा वर्ग निर्माण झाला. वेल्समधील गॉवर द्वीपकल्प (१९५६) हा त्यातील पहिला प्रदेश. इंग्लंड व वेल्समध्ये २०२३ पासून या वर्गातील प्रदेशांना ‘राष्ट्रीय भूदृश्ये’ म्हणतात.

१९४९ च्या अधिनियमाने उद्यानांचे दोन हेतू सांगितले : निसर्गसौंदर्याचे जतन व वृद्धी करणे आणि जनतेला त्याचा आनंद घेण्याची संधी देणे. उद्यानात राहणाऱ्या लोकांचे आर्थिक व सामाजिक हित हा मात्र स्वतंत्र हेतू नव्हता. शेती चालू राहील व गावे तिच्या आधारे टिकतील, असे गृहीत धरण्यात आले होते. यांत्रिकीकरणामुळे शेतीवरील मजुरांची संख्या पुढील तीन दशकांत झपाट्याने घटली आणि हे गृहीतक टिकले नाही.

वरून होणारे नियोजन : १९४७ च्या नगर व ग्रामनियोजन अधिनियमाने जमिनीचा विकास करण्यासाठी परवानगी आवश्यक ठरविली आणि विकास-आराखडे करण्याची जबाबदारी मोठ्या स्थानिक संस्थांवर टाकली. अनेक काउंट्यांनी शाळा, दवाखाने व नवी घरे निवडक मोठ्या गावांत एकवटण्याचे धोरण स्वीकारले. इतर गावांत वाढीस वाव उरला नाही. या विचाराचे टोकाचे उदाहरण संरक्षित प्रदेशाबाहेर, डरॅम काउंटीच्या कोळसाखाणींच्या पट्ट्यात आढळते. तेथील १९५१ च्या आराखड्यात गावांचे चार वर्ग पाडण्यात आले व शेवटच्या ‘ड’ वर्गातील ११४ गावांत नवी गुंतवणूक न करण्याचे ठरले. रहिवाशांच्या दीर्घ विरोधानंतर हे धोरण १९७७ मध्ये सोडून देण्यात आले. गावाचे भवितव्य गावकऱ्यांना न विचारता ठरविले, तर आराखड्यावरील विश्वासच नाहीसा होतो, हा धडा नियोजनकारांना त्यातून मिळाला.

राष्ट्रीय उद्यानांतील अडचण वेगळ्या स्वरूपाची होती. तेथे गावे ओसाड पडण्याऐवजी महाग होऊ लागली. नव्या बांधकामावर कडक निर्बंध, निवृत्त शहरवासियांची आवक आणि सुट्टीपुरती वापरली जाणारी दुसरी घरे यांमुळे घरांच्या किंमती शेतमजूर, गवंडी, शिक्षिका किंवा तरुण शेतकरी यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. वर्षातील बराच काळ बंद असणाऱ्या घरांचे प्रमाण वाढले की शाळेतील मुले कमी होतात, दुकान व बसफेरी परवडेनाशी होते आणि उरलेल्या कुटुंबांनाही गाव सोडणे भाग पडते.

लेक डिस्ट्रिक्टच्या नियोजन मंडळाने १९७७ पासून यावर एक उपाय योजला. नवे घर स्थानिक रहिवाशांना किंवा तेथे काम करणाऱ्यांनाच मिळावे, अशी अट घालणारे करार मालकांकडून करून घेतल्याशिवाय बांधकामाची परवानगी मिळेना. मार्क शक्‌स्मिथ यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या धोरणाची मर्यादा दाखवून दिली : जुनी घरे करारांच्या कक्षेबाहेर असल्याने बाहेरच्या खरेदीदारांची मागणी त्यांच्याकडे वळली. पुढे केंद्र शासनानेही हे धोरण अमान्य केले. उद्देश गावकऱ्यांच्या हिताचा असला, तरी केवळ एका नियंत्रणाने घरांचा प्रश्न सुटत नाही, असे या अनुभवावरून दिसून आले.

लोकसहभागाचा आरंभ : १९६८ च्या नियोजन अधिनियमाने आराखड्यांबाबत लोकांचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक केले. त्याची रीत सुचविण्यासाठी नेमलेल्या स्केफिंग्टन समितीचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. या व्यवस्थेत आराखडा अधिकाऱ्यांनी करावयाचा व लोकांनी त्यावर मत द्यावयाचे, असा क्रम होता. त्याच सुमारास गावांनी स्वतःची पाहणी स्वतः करण्याची प्रथाही रुजू लागली. घरोघरी प्रश्नावली वाटून लोकसंख्या, रोजगार, घरांची गरज व सोयी यांची माहिती गावकरीच गोळा करीत. नॉटिंगम विद्यापीठातील टोनी गिब्सन यांनी १९७० नंतरच्या दशकात एक साधे तंत्र विकसित केले. रहिवाशांनी पुठ्ठ्याची आपल्या वस्तीची प्रतिकृती करावयाची आणि ‘येथे घर हवे’, ‘येथे वाहने थांबू नयेत’ अशा सूचनांची कार्डे तिच्यावर ठेवावयाची. सभेत बोलण्यास संकोचणाऱ्यांनाही आपले मत न बोलता मांडता येई, म्हणून हे तंत्र शहरांप्रमाणे खेड्यांतही वापरले गेले.

पीक डिस्ट्रिक्टमधील प्रयोग : संरक्षित प्रदेशातील ग्रामनियोजनाच्या इतिहासात पीक डिस्ट्रिक्ट उद्यानाच्या नियोजन मंडळाने १९८१ मध्ये हाती घेतलेला एकात्मिक ग्रामविकासाचा प्रयोग महत्त्वाचा आहे. त्यासाठी डार्बीशरमधील चुनखडकाच्या पठारावरील मॉन्यॅश आणि स्टॅफर्डशरमधील डव्ह व मॅनिफोल्ड या नद्यांच्या दरम्यान वसलेले लाँगनॉर ही गावे निवडण्यात आली. तोपर्यंत शेतीखाते, उद्योगविकास संस्था व उद्यान मंडळ यांची अनुदाने परस्परविरोधी असत. एक खाते अधिक जनावरांसाठी व कुरण नांगरण्यासाठी पैसा देई, तर दुसरे तेच कुरण राखण्याचा आग्रह धरी. प्रयोगाची तीन सूत्रे होती : प्रत्येक गावाचे वेगळेपण ओळखणे, योजना गावकऱ्यांच्या सहभागाने ठरविणे आणि शेती, रोजगार, समाजजीवन व निसर्ग यांचे परस्परावलंबन लक्षात घेणे.

मॉन्यॅश येथे शेतकऱ्यांना जनावरांच्या संख्येवर अवलंबून असलेल्या अनुदानाऐवजी पर्यायी मोबदला देण्यात आला. कुरणात किती जातींची रानफुले आहेत व शेताचे दगडी गडगे किती सुस्थितीत आहेत, यांवर तो ठरे. गडगे दुरुस्त ठेवणे व फुलांची कुरणे राखणे हे शेतकऱ्याचे उत्पन्नाचे साधन झाले आणि भूदृश्याचे जतन हे त्याच्यावरील केवळ बंधन राहिले नाही. लाँगनॉर येथे जुन्या इमारतींचा नवा उपयोग व लहान व्यवसाय यांवर भर होता. पहिल्या टप्प्याचा वृत्तांत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. अधिकाऱ्याने गावात वारंवार जाऊन, लोकांना काय हवे ते विचारून व त्यानुसार नियमांत लवचीकपणा आणून काम केल्यास थोड्या खर्चात लक्षणीय फळ मिळते, असा त्याचा निष्कर्ष होता. डेनिसन यांनी चार दशकांपूर्वी मांडलेल्या विचाराचा हा प्रत्यक्ष पडताळा म्हणता येईल. तथापि प्रयोग मर्यादित मुदतीचा होता. विशेष निधी व कर्मचारी जोवर उपलब्ध होते, तोवर तो त्या स्वरूपात चालला.

कायद्यातील बदल : जतन व पर्यटन यांत अपरिहार्य विरोध उद्‌भवल्यास जतनाला अग्रक्रम द्यावा, असे सँडफर्ड समितीने १९७४ मध्ये सुचविले होते. रॉन एडवर्ड्‌स यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने १९९१ मध्ये उद्यानांच्या कारभाराचा पुन्हा आढावा घेतला. त्यांच्या शिफारशींचा परिणाम म्हणून १९९५ च्या पर्यावरण अधिनियमाने प्रत्येक उद्यानासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले. आपले हेतू साध्य करीत असता स्थानिक समाजाच्या आर्थिक व सामाजिक हितास चालना देण्याचे कर्तव्यही प्राधिकरणावर टाकण्यात आले. इंग्लंडमधील प्राधिकरणांत पॅरिश परिषदांच्या प्रतिनिधींना जागा मिळाल्या. हे कर्तव्य मूळ दोन हेतूंच्या बरोबरीचे मानले जात नाही, ही मर्यादा असली, तरी उद्यानातील रहिवाशांची कायद्याने स्वतंत्र दखल घेतली, हा बदल मोलाचा होता.

ग्रामरचना-निवेदने व पॅरिश आराखडे : ग्रामीण प्रदेशाचा कारभार पाहणाऱ्या कंट्रीसाइड कमिशनने १९९६ मध्ये ग्रामरचना-निवेदनांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. केंब्रिजशरमधील कॉटनम या गावाचे १९९४ चे निवेदन हे त्याचे आरंभीचे उदाहरण. गावातील घरांची उंची, छपरांचा उतार, दगडविटांचा रंग, कुंपणे, झाडे व मोकळ्या जागा यांचे वर्णन गावकऱ्यांनीच करावयाचे आणि नवे बांधकाम त्याच्याशी मिळतेजुळते असावे असे सुचवावयाचे, अशी त्याची रीत होती. नियोजन प्राधिकरणाने मान्यता दिल्यास परवानगीच्या निर्णयात ते निवेदन विचारात घेतले जाई. गाव कसे दिसावे, हे त्यातून सांगता येई. तेथे कोणाला राहता यावे, हे मात्र त्याच्या कक्षेबाहेर होते.

ही उणीव पॅरिश आराखड्यांनी काही अंशी भरून काढली. नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटिश शासनाने ग्रामीण भागाविषयी श्वेतपत्रिका काढली व सु. १,००० गावे आणि लहान नगरे यांना स्वतःचे आराखडे करण्यासाठी निधी जाहीर केला. ग्रामीण समाज परिषदांचे कार्यकर्ते पाहणीची प्रश्नावली बनविण्यापासून कृतियोजनेपर्यंत गावांना मदत करीत. बसफेरी, तरुणांसाठी जागा, बंद पडणारे दुकान गावाने चालवावयास घेणे असे अनेक विषय त्यांत आले. परंतु हे आराखडे कायदेशीर विकास-आराखड्याचा भाग नव्हते. घरांसंबंधीच्या त्यांतील मागण्या मान्य करणे नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक नव्हते. त्यामुळे दोन-तीन वर्षे खपून केलेला आराखडा कपाटात पडून राहिल्याची तक्रार अनेक ठिकाणी होई.

परिसर-आराखडे : २०११ च्या स्थानिकता अधिनियमाने इंग्लंडमध्ये ही स्थिती बदलली. या अधिनियमानुसार पॅरिश परिषदेला आपल्या क्षेत्राचा परिसर-आराखडा करता येतो. पॅरिश परिषद नसेल तेथे किमान २१ व्यक्तींचा मंच हे काम करू शकतो. क्षेत्र निश्चित झाल्यावर मसुदा तयार करून त्यावर सहा आठवडे मते मागविली जातात. नंतर आराखडा नियोजन प्राधिकरणाकडे सादर होतो व स्वतंत्र परीक्षक तो तपासतो. राष्ट्रीय धोरणाची दखल, मोठ्या क्षेत्राच्या विकास-आराखड्यातील मूलभूत धोरणांशी सुसंगती व शाश्वत विकासास पोषकता या त्याच्या मुख्य कसोट्या होत. शेवटी सार्वमत घेतले जाते आणि मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी कौल दिल्यास तो कायदेशीर विकास-आराखड्याचा भाग बनतो. राष्ट्रीय उद्यानात नियोजन प्राधिकरणाचे काम उद्यान प्राधिकरणाकडे असल्याने तेथे गाव व उद्यान यांचा थेट संबंध येतो. पायाभूत सोयींसाठी बांधकामावर आकारणी केली जाते तेथे तिच्यातील १५ टक्के वाटा पॅरिश परिषदेस मिळतो. परिसर-आराखडा असलेल्या गावास तो २५ टक्के मिळतो. वेल्समध्ये ही तरतूद लागू नाही. तेथील गावांचे ‘स्थान-आराखडे’ हे पूरक मार्गदर्शनाच्या स्वरूपाचे असतात.

एक्समूर राष्ट्रीय उद्यानातील लिंटन व लिनमथ या जोडगावांचा आराखडा हा राष्ट्रीय उद्यानातील पहिला परिसर-आराखडा होय. नोव्हेंबर २०१३ मधील सार्वमतानंतर डिसेंबर २०१३ मध्ये तो अंमलात आला. येथील नवे घर हे तेथे राहणाऱ्याचे मुख्य निवासस्थान असले पाहिजे, अशी अट त्यात घालण्यात आली. रहिवासी स्थानिक असावा असा आग्रह तीत नाही. घरात माणसे वर्षभर राहावीत, एवढीच अपेक्षा आहे. लेक डिस्ट्रिक्टमधील जुन्या कराराहून ही अट या बाबतीत वेगळी असून ती उद्यान मंडळाने लादलेली नव्हती, तर गावाने मतदानाने स्वीकारली होती. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील सेंट आइव्हज् येथे मे २०१६ मध्ये झालेल्या सार्वमतात अशाच अटीस ८० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. तिच्याविरुद्धचा दावा उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेटाळला. तथापि जुन्या घरांना ही अटही लागू होत नाही आणि मागणी त्यांच्याकडे वळण्याचा जुना दोष येथेही संभवतो. म्हणून अनेक गावे तिच्या जोडीस इतर उपाय योजतात. सामूहिक भूमिन्यास हा त्यांपैकी प्रमुख असून त्याची कायदेशीर व्याख्या २००८ मध्ये करण्यात आली. गावकऱ्यांचा न्यास जमिनीची मालकी कायम आपल्याकडे ठेवतो व तिच्यावरील घरे परवडणाऱ्या भाड्याने किंवा किंमतीने देतो. लेक डिस्ट्रिक्टमधील केझिक येथील न्यास हे त्याचे उदाहरण होय.

साहाय्याचे स्वरूप व अडचणी : परिसर-आराखडा पूर्ण होण्यास बहुधा दोन ते चार वर्षे किंवा अधिक काळ लागतो. पॅरिश परिषदेचे सदस्य विनावेतन काम करतात. बऱ्याच लहान परिषदांकडे अर्धवेळ चिटणीसाखेरीज कर्मचारी नसतो. अशा स्थितीत साहाय्य चार प्रकारचे लागते. घरांची गरज, भूदृश्याची वैशिष्ट्ये व पुराचा धोका यांविषयी विश्वसनीय माहिती हा पहिला प्रकार. दुसरा, गावकऱ्यांच्या इच्छेला परीक्षकासमोर टिकेल अशा नियमाच्या भाषेत मांडणारा तांत्रिक सल्ला. तिसरा, सभा, पाहणी व छपाई यांसाठी निधी. चौथा व सर्वांत कमी लक्षात येणारा प्रकार म्हणजे सर्व थरांतील लोकांपर्यंत पोहोचणारा कार्यकर्ता. आराखडे करण्यात सुस्थितीतील गावे व त्यांतील निवृत्त, सुशिक्षित रहिवासी आघाडीवर असतात, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. घराच्या शोधात गाव सोडून गेलेला तरुण सार्वमतात मत देऊ शकत नाही आणि मेंढ्यांच्या विण्याच्या हंगामात शेतकरी सभेस येत नाही. त्यांची बाजू मुद्दाम शोधून नोंदविली नाही, तर गावाचा आराखडा नव्या बांधकामास विरोध करण्याचे साधन बनतो आणि ज्यांच्यासाठी ही व्यवस्था आली, तेच बाहेर राहतात.

राष्ट्रीय उद्यानांच्या प्राधिकरणांनी गावांसाठी संपर्क अधिकारी नेमून, नकाशे पुरवून व मसुदे तपासून देऊन या कामात भाग घेतला. सु. १,६०० चौ. किमी. क्षेत्र व एक लाखाहून अधिक लोकसंख्या असलेल्या साउथ डाउन्स (२०१०) या नव्या उद्यानात अनेक पॅरिशनी परिसर-आराखडे केले आणि नव्या घरांच्या जागाही त्यांतच ठरविल्या. केंद्र शासनाचा निधी व तांत्रिक मदत हा मात्र या व्यवस्थेचा मुख्य आधार होता. २०२५ मध्ये शासनाने परिसर-आराखड्यांसाठीच्या राष्ट्रीय साहाय्ययोजनेस पुढे निधी न देण्याचा निर्णय जाहीर केला. आराखडा करण्याचा कायदेशीर हक्क कायम राहिला असला, तरी लहान व निर्धन गावांना तो वापरणे त्यामुळे अवघड झाले आहे.

भारतातील समांतर प्रश्न : भारतात भिन्न कायदेशीर मार्गाने हाच प्रश्न उभा राहिला. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. या क्षेत्रात गावे व शेती कायम असून विकासावर नियंत्रणे आहेत. म्हणून इंग्लंडमधील उद्यानांशी त्याची तुलना करता येते. त्याचा बृहद् आराखडा करण्याची जबाबदारी राज्य शासनावर होती. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिस्थितिविज्ञान तज्ञ मंडळाने २०११ च्या अहवालात क्षेत्रांच्या सीमा व त्यांतील नियम ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवावेत, असे आग्रहाने सुचविले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी व दोडामार्ग तालुक्यांतील २५ गावांनी आपले क्षेत्र संवेदनशील घोषित करावे, असे ठराव केल्याचीही त्यांनी दखल घेतली. संरक्षण म्हणजे गावावर बाहेरून येणारे संकट, ही समजूत सर्वत्र खरी नाही, हे या ठरावांवरून दिसते. त्याच बरोबर अनेक गावांनी संभाव्य निर्बंधांना विरोधही केला. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये मिळालेला असा हक्क हे देशातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. हे गाव संरक्षित क्षेत्रात मोडत नसले, तरी अधिकार हाती आल्यास ग्रामसभा जंगलाचे नियोजन करू शकते, हे तेथे दिसून आले.

मूल्यमापन : १९४९ ते २०२५ या काळातील इंग्लंडचा अनुभव पाहता काही निष्कर्ष काढता येतात. केवळ नियंत्रणांनी देखावा राखता येतो. परंतु तो देखावा घडविणारी वस्ती राखता येत नाही. सल्लामसलतीपुरता मर्यादित असलेला सहभाग गावकऱ्यांचा उत्साह दीर्घकाळ टिकवू शकत नाही. आराखड्यास कायद्याचे बळ मिळाले, तेव्हाच त्यातील घरांविषयीच्या तरतुदी प्रत्यक्षात आल्या. कायद्याचे बळ असूनही माहिती, सल्ला, निधी व कार्यकर्ता यांचे साहाय्य नसल्यास समर्थ गावेच त्याचा लाभ घेतात. गावाचा आराखडा जुन्या घरांच्या बाजारावर, शेतीच्या अनुदानांवर किंवा करांवर नियंत्रण ठेवू शकत नाही. ती कामे राष्ट्रीय धोरणाचीच आहेत. मॉन्यॅशच्या शेतकऱ्यास फुलांच्या कुरणासाठी मिळालेला मोबदला आणि लिंटनच्या मतदारांनी स्वीकारलेली मुख्य निवासाची अट ही या दोन्ही बाजूंची उदाहरणे होत. पहिले राज्यसंस्थेने उचललेल्या खर्चाचे, तर दुसरे गावाने घेतलेल्या निर्णयाचे आहे. संरक्षित भूदृश्यातील गाव वस्तीचे राहण्यासाठी या दोहोंची एकत्र आवश्यकता असते.